दमादमाने

प्रयोगाच्या टाकीतले सूक्ष्मजीव मिथेन वायू बनवायचे, पण पाणीही तयार व्हायचं आणि ते साचलं की बिचारे ढेपाळायचे. पाणी काढून घेणारी पापुद्र्यासारखी गाळणी दर दोन दिवसांनी तुंबायची. सरांनी प्रयोगाला शेवटचा आठवडा दिला, तेव्हा संशोधक लेकीने “बंद पडण्याआधी बघून तरी घे” म्हणत आईला प्रयोगशाळेत आणलं. आई डायलिसिस विभागातली नर्स. तिने नळीवर बोट ठेवलं. “पाणी किती वेगाने ओढतेस?” “पंपाला झेपेल तितक्या.” “अगं, पेशंटच्या रक्तातलं पाणी असं पिळून काढतात का? दमादमाने घे.” लेकीने पंप मंद केला. सातव्या दिवशीही गाळणी मोकळी होती, बाटलीत नितळ पाणी ठिबकत होतं आणि वायूचा काटा चढला होता. “ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?” टाकी बंद करायला आलेल्या सरांनी विचारलं. लेकीने हसत फोन लावला. “आई, सरांना तुझ्याशी बोलायचंय.”