सतरा नंबरचा डबा

शिवदासनं सकाळीच जान्हवीच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"हॉटेलचा माल काढून देतो, मग बघतो हिच्याकडे. बापाविरुद्ध चौकीत जाते काय! तंगडंच मोडतो."

सतरा वर्षांची पोर आतून दारावर धडका देत होती. तिचा गुन्हा काय, तर आईला मारतात त्याची तक्रार कशी करायची, एवढं तिनं काल चौकीत विचारलं. नलिनी भिंतीला टेकून उभी होती. सोमवारी त्यानं तिला पंपाच्या पाइपनं झोडपलं होतं. आज शुक्रवार, तरी श्वास घेतला की बरगडीतून कळ यायची. नवरा कसला, कसाई मेला! आणि हा कसाई बोलला की करायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो बर्फ आणायला गेला. नलिनी घरामागच्या शेडमध्ये शिरली. माहुलच्या खाडीकाठी त्यांचा हाच धंदा. फळ्यांवर साठ डबे, प्रत्येकात खारं पाणी आणि एकेक चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. चिंबोरीनं कात टाकली की ती लोण्यासारखी मऊ होते. दोन-तीन तासांत तिला बाहेर काढायची, हॉटेलवाले अख्खी तळतात. पाण्यात राहिली तर पाण्यातला चुना अंगात ओढून घेते, स्वतःचं जुनं कवच कुरतडून खाते, आणि चार दिवसांत दगड होते. मग तिला मऊ म्हणून कोण घेणार?

दिवसरात्र डबे बघायचे आणि कात पडली की झाकणावर खडूनं फुली मारायची, हे काम नलिनीचं. शिवदास फक्त फुली बघायचा आणि हात घालायचा. मऊ चिंबोरी चावत नाही, तिच्या नांग्याही बांधत नाहीत, दोरीनंच तुटतात. सहा वर्षांत नलिनीची फुली एकदाही चुकली नव्हती.

तासाभरानं तो आला.

"किती आहेत?"

"चार. सतरा नंबरची मोठी आहे, अहो. पाऊण किलोची."

तीन त्यानं पटापट काढल्या. सतराचं झाकण भिरकावलं आणि कणकेचा गोळा उचलावा तसा पंजा आत घातला.

कटकन आवाज झाला. मग शिवदास जो बोंबलला! डबा पालथा झाला, पाणी सांडलं, आणि अंगठ्याला चिंबोरी लटकत राहिली. त्यानं हात खांबावर आपटला. आपटेल तितकी ती आवळत होती. अंगठ्याचं हाड बाहेर आलं, रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

"पाणी! नलू, बादली आण!"

पाण्यात बुडवली की चिंबोरी पकड सोडते, हे माहुलचं शेंबडं पोरही जाणतं. पण फळीवरच्या उथळ डब्यांत ती हातासकट बुडणार नव्हती. भरलेली बादली नलिनीच्या हातातच होती. ती जागची हलली नाही.

"किल्ली दे."

"मरतोय मी इथं, भवाने!"

"किल्ली दे, शिवदास."

एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. त्यानं डावी मूठ उगारली. तिनं बादली तिरकी केली. थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

"सगळं ओतू?"

मूठ खाली आली. त्याच हातानं त्यानं करगोटा तोडला आणि किल्ली फेकली. नलिनीनं बादली त्याच्यापुढं ठेवली आणि कुलूप उघडायला धावली.

दोघी शेडसमोरून निघाल्या तेव्हा भिरकावलेलं सतराचं झाकण पायाशीच पडलं होतं, आणि आत बाप चिंबोरीसकट अंगठा बादलीत बुडवून कण्हत होता. झाकणावरची फुली बघून जान्हवी तिथंच थबकली. रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "आई, फुली होती ना त्याच्यावर? मग ती कडक कशी?"

"कात तिनं सोमवारी टाकली, मी शेडमध्ये मार खाऊन पडले होते तेव्हा," नलिनी चौकीच्या दिशेनं वळत म्हणाली. "फुली मी आज सकाळी मारली. तुला कोंडलं तेव्हा."