साखरपेरणी

दोन शेजारी देशांच्या संरक्षण कराराची बोलणी तीन दिवस चालली होती आणि मध्ये बसलेल्या दुभाष्याला घाम फुटला होता. एक मंत्री म्हणाले, "यांचं सैन्य म्हणजे निव्वळ बाजारबुणगे!" दुभाष्याने पलीकडे सांगितलं, "आपल्या सैन्याची शिस्त पाहून साहेब थक्क झालेत." पलीकडचे मंत्री गुरगुरले, "या गाढवाला नकाशा तरी वाचता येतो का?" दुभाष्याने इकडे सांगितलं, "सीमेबाबत त्यांना आपलं मार्गदर्शन हवंय."

तिसऱ्या संध्याकाळी सह्या झाल्या. दुभाष्याने लगेच बायकोला फोन लावला.

"अगं, युद्ध टळलं. माझ्या एकट्याच्या जिभेमुळे!"

"बरं झालं. येताना दूध घेऊन या."

छाती फुगवून तो चहाच्या टेबलाकडे गेला, तर दोन्ही मंत्री एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, दुभाष्यावाचून, खळखळून हसत होते.

"साहेब... तुम्हाला यांची भाषा येते?" त्याने कसंबसं विचारलं.



"येते की, एकाच वसतिगृहात होतो आम्ही! करार पहिल्याच दिवशी ठरला होता, पण आमच्या शिव्यांचं तुम्ही काय करता ते ऐकायला इतकी मजा आली, की बोलणी दोन दिवस वाढवली."