बागेसमोरचा स्पीडब्रेकर

"आणखी एक अर्ज?" मानसीताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो पाटकर, तुमची फाईल आता माझ्यापेक्षा जाड झाली!"

निहार पाटकर कसनुसा हसला. मुलुंडमधल्या एका बागेसमोर स्पीडब्रेकर हवा, एवढीच त्याची मागणी. दोन वर्षं तो त्यासाठी महापालिकेच्या या ऑफिसात चपला झिजवत होता. आजही घामाघूम होऊन आला होता.

"भर उन्हात चालत आलात? गाडी कुठंय?"

"विकली."

मानसीताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना या माणसाचं फार वाईट वाटायचं. बागेत घसरगुंडी आली, रबरी फरशी आली, कारंजंसुद्धा आलं. पण फाटकाबाहेर पोरं रस्ता कसा ओलांडणार, हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

"वळणापासून फाटक बत्तीस पावलांवर आहे," निहार म्हणाला. "मध्ये कचऱ्याचा डबा. सात वर्षांचं पोर त्यामागे उभं असलं तर दिसतच नाही हो."

दोन वर्षांपूर्वी तिथे एका मुलीला गाडीने उडवलं होतं, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. पाटकर इतका जीव का तोडतो, हे मानसीताईंना विचारावं लागलं नव्हतं.

"श्रुतिका कशी आहे आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुबडी घेऊन चालते. बागेत येते, पण खेळत नाही. बाकावर बसून बाकीच्यांकडे बघत असते."

मानसीताईंना गलबलून आलं.

"मग तो पोलिसांचा कागद लावा ना! किती वेळा सांगू? अपघाताची नोंद असल्याशिवाय साहेब सही करत नाहीत. मेला नियमच तसा आहे, आधी पोर आपटायला हवं! कागद लावलात तर आजच सही घेते. शाळा सुरू व्हायच्या आत स्पीडब्रेकर होईल."

दर वेळी तो "नाही जमत" म्हणून उठून जायचा. मानसीताईही मग ताणत नसत. पोटच्या पोरीचं दुखणं कुठला बाप असं टेबलाटेबलावर फिरवेल?

आज मात्र तो उठला नाही.

"काल तिथेच एक मुलगा थोडक्यात वाचला," तो म्हणाला. "आईने ओढलं म्हणून."

"अगंबाई!"

त्याने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर विरलेला, घामाने पिवळा पडलेला.

"पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता, ताई. दोन वर्षं खिशात घेऊन फिरलो. लाज वाटली."

"लाज कसली त्यात? तुमचा काय दोष?"

निहार मान खाली घालून बसून राहिला.

मानसीताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कागद जपून उलगडला. जखमी मुलीचं नाव श्रुतिका, आडनाव भलतंच, वय सात. जागा, बागेचं फाटक. त्याखालच्या ओळीत गाडी चालवणाऱ्याचं नाव होतं. निहार पाटकर.