अळणी

ब्लेडनं खरवडलेला मासा. डबीवर त्याची शेपटी तेवढी राहिलेली.

निलंग्याच्या एसटी स्टँडची भिंत, तिच्यावर ताज्या रंगात : नवा जिल्हा झालाच पाहिजे. अक्षरांखाली नळ. नळाच्या तोंडात गांधीलमाशीचं घर.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. गावात नुसती बातमी आली.

मिठाचा डबा. झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढलेली.

वीरभद्राच्या हातातून तांब्या सुटला.

सिंधू धावली ती आधी सांडलेल्या पाण्याकडं. दुष्काळानं लावलेली सवय. पदरानं फरशी टिपून तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्याचा हात तसाच हवेत होता, तांब्या धरल्यासारखा, आणि लटलट कापत होता. काय होतंय म्हणून तिनं विचारलं. त्यानं सांगितलंही, पण जीभ जडावली होती, शब्द ओठांवरूनच ओघळले. सकाळपासून तो ओकत होता, उन्हाचं बाधलं असेल असं घरानं ठरवून टाकलं होतं. आता तो उठला आणि झिंगल्यासारखा खांबावर आदळला. वीरभद्र जन्मात दारूला शिवला नव्हता.

सासू, धोंडाबाई, देवळीपुढं पूजा आटपत होती. तिनं मान वळवली.

"निघायलाय," ती शांतपणे म्हणाली. "पोटात गेलेला मासा अंगातून बाहेर निघायलाय. कापणारच की."

मासा खरा होता. वीरभद्राचं मन कधी डोंगरावर चढायचं, कधी विहिरीत उतरायचं. लातूरच्या डॉक्टरांनी त्यावर लिथियमची गोळी चालू ठेवली होती आणि जोडीला, आधार म्हणून, माशाच्या तेलाची कॅप्सूल दिली होती. लिंगायताच्या घरात हे सांगणार कसं? सिंधूनं डबीवरचं चित्र खरवडलं, ताकदीची गोळी म्हणून सांगितलं, आणि घराच्या रीतीप्रमाणं औषध देवाजवळ ठेवलं. उन्हाळ्यानं घात केला. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, फुटल्या, आणि एका सकाळी विभूतीला मासळीचा वास आला.

धोंडाबाईनं आरडाओरडा केला नाही. डबी उकिरड्यावर टाकली आणि मिठाच्या डब्यावर बोटं ओढली. प्रायश्चित्त म्हणून पोराला अमावास्येपर्यंत अळणी. वीरभद्रानं खाली मान घालून कबूल केलं, वर आपल्या वाटचं पाणीही आईच्या, अव्वाच्या घागरीत ओतू लागला. लिथियमची गोळी मात्र सिंधू न चुकता देत होती. गोळी चुकली की चढ येणार, आणि चढ आला की हा माणूस कुठं जाऊन काय करील याचा नेम नाही. तिला तेवढीच एक भीती ठाऊक होती.

आता दुसरी भीती समोर आली. या गोळीवर मीठ तोडायचं नाही, पाणी कमी करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हात कापायला लागले, जीभ अडखळली, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. नाही तर हेच औषध अंगात साचून विष होतं. सिंधूनं हे ऐकलं होतं. पण मासा उघडा पडल्यावर त्या घरात डॉक्टरांचं नाव काढायला तिला तोंड उरलं नव्हतं. अळणी भाकरी तिनंच थापली होती.

"आत्या, हा मासा न्हाई. मीठ तोडलं म्हणून गोळीचं इख झालंय. ह्यांना न्यावं लागतंय."

"तुज्या डॉक्टरनंच मासा चारला. उद्या अमावास्या हाय. एक दिस दम धर."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गावात येणारी तेवढी एकच गाडी. सिंधूनं नवऱ्याचा हात गळ्यात घेतला आणि उंबरा ओलांडला. मागून हाक आली, ती थांबली नाही.

टँकरभोवती घागरींची दाटी होती. तिनं नवऱ्याला ओढत आणलं तशी वाट झाली. "वीरभद्रअप्पालाबी चढली वाटतं," कुणीतरी म्हणालं, चार जण हसले. ड्रायव्हर लालमहंमद पाइप धरून उभा होता. तो हसला नाही. टाकी अजून निम्मी भरलेली आहे, रिकामी व्हायला वेळ लागेल, असं तो सांगू लागला. तेवढ्यात वीरभद्राची मान एकाएकी हिसडली, पुन्हा हिसडली. हसणारे मागं सरले. पण कुणी म्हणालं नाही, की जा. सगळ्यांची नजर पाइपावर होती.

लालमहंमदनं कॉक बंद केला.

"आन् आमचं पाणी?"

"पाणी कुठं पळून चाललंय? दवाखान्याला जाईल, माघारी येईल. वहिनी, चढवा वर."

केबिनमध्ये वीरभद्राचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. डोळे उघडे होते, पण कुठंच ठरत नव्हते. गाडी सुरू झाली तसं मागं टाकीत पाणी डचमळलं. तो काहीतरी पुटपुटला. तिला एकच शब्द कळला : पाणी.

खिडकीवर थाप पडली. धोंडाबाई अनवाणी पळत आली होती. मूठ गच्च आवळलेली. तिनं खिडकीतून हात घातला आणि सिंधूच्या ओटीत मूठ उघडली. खडामीठ. घामानं ओलं झालेलं. बोटांना विभूती लागलेली होती.

"त्याला सांग," ती म्हणाली, "अव्वानं दिलंय."

गाडी हलली. हात बराच वेळ खिडकीबरोबर धावला.

कॅप्सूल लिहून देताना डॉक्टर म्हणाले होते, मासा चालत नसेल तर रोज जवसाची चटणी खा, तेवढ्यावर भागेल. जवसाचा डबा मिठाच्या डब्याशेजारीच होता, भरलेला.