फरशीवरच्या चार खुणा

“घरात शिलाई मशीन आहे?”

“नाही साहेब,” ती म्हणाली. सारी गल्ली जिला टेलरबाई म्हणते, तीच बाई हे सांगत होती!

सकाळीच तिने आणि जाऊबाईंनी ते धूड उचलून समोर जाऊबाईंच्या खोलीत नेलं होतं. परदेशी संस्थेची मदत येणार होती, पण घरात वस्तू दिसली की नाव कटलं, असं जो तो सांगत होता. मागच्या वेळी एका पंख्यापायी धोबिणीचं नाव गेलं होतं.

यादीत नाव आलं नाही, तर सोमवारी थोरली लेक शाळा सोडून परगावी धुणीभांडी करायला जाणार होती. बारा वर्षांची पोर! तिची पिशवीसुद्धा भरून ठेवलेली होती.

पाहणीचे साहेब खिडकीखाली वाकले. फरशीवर चार गोल खुणा होत्या.

“इथे काय होतं?”

“तिवई.”

“तिवईला चार पाय?”

साहेबांनी टेलरबाईच्या बोटांकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. तिने सुईने टोचलेलं बोट पदराखाली घेतलं.

“बाई, मदत कसली ते आधी सांगायची आम्हाला मुभा नाही. सांगितलं की लोक तशीच उत्तरं देतात. आणि एकदा सही झाली की खाडाखोड चालत नाही. म्हणून परत विचारतो. मशीन नाही? नीट आठवा.”

मेला गोड बोलून गळा कापतोय, ती मनात म्हणाली.

“लेकीची शपथ, नाही!”

साहेबांनी उसासा टाकला, कागदावर फुली मारली, तिची सही घेतली आणि ते समोर जाऊबाईंच्या खोलीत गेले.

सुटले गं बाई! ती दारात टेकली. पण साहेब तिकडेही शिरतील, हे दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. जाऊबाईंचं काय? आपल्यापायी त्या बिचारीचं नाव कटणार. जाऊबाई मनाने सोनं, पण शिवणाच्या नावाने शंख. साधं बटण तुटलं तरी टेलरबाईकडे धावत यायच्या.

समोरचं दार उघडंच होतं.

“हे मशीन कुणाचं?”

जाऊबाईंनी एकवार टेलरबाईकडे पाहिलं.

“माझंच,” त्या ठासून म्हणाल्या. “नाव कापायचं तर माझं कापा.”

साहेबांचा चेहरा खुलला. “कापायचं कशाला? सकाळपासून अख्ख्या गल्लीत हे पहिलं मशीन दिसलं बघा! ज्यांच्याकडे मशीन, त्यांनाच वर्षभर शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळणार आहे.” त्यांनी पिशवीतून कापडाचा तुकडा काढून जाऊबाईंच्या हातात दिला. “बसा ताई. माझ्यासमोर एक सरळ शिवण घालून दाखवा.”