अंगठ्याला बांधलेली पिशवी

शिंप्यानं लेकीचा लग्नाचा पोशाख पिशवीत घालून ती खालच्या बर्थखाली इतर सामानात सरकवली, पण गाडीतले दिवे मालवले तसा तो पुन्हा खाली वाकला. चोर टपलेलेच असतात. अंधारात चाचपडत त्यानं पिशवीच्या बंदाला दोरा बांधला, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला, आणि वरच्या बर्थवर आडवा झाला. शिंप्याची गाठ, सुटते कसली. मध्यरात्री अंगठ्याला हिसका बसला. चोर आलाच! पाय आखडला, खालून पुन्हा हिसका. ओढाताण पहाटेपर्यंत चालली, अंगठा वांग्याएवढा सुजला. उजाडताच खालच्या बर्थवरची म्हातारी पिशवी कवटाळून म्हणाली, "मेल्या, रात्रभर माझीच पिशवी ओढत होतास होय?" गाठ तिच्याच पिशवीला होती. "मग आजी, माझी?" म्हातारीनं बोट दाखवलं. बर्थखाली त्याची पिशवी रात्रभर मोकळीच पडली होती. शिंप्याला खरा घाम तेव्हा फुटला.