संडासाची किल्ली

शिवणकामाच्या त्या छोट्या कारखान्यात संडासाची किल्ली मालकाच्या खिशात असायची. बायकांनी सगळ्यांदेखत हात पसरायचा आणि मालकाने घड्याळाकडे बघत हसून विचारायचं, "आत्ताच तर जाऊन आलीस ना?" काजं करणाऱ्या मावशींनी हे वर्षानुवर्षं गिळलं होतं. पण आज त्याने तेच त्यांच्या पोटुशी सुनेला ऐकवलं, आणि मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून जाऊन आल्यावर त्यांनी कुलूप लावलं, किल्ली मुठीतच ठेवली. जेवणानंतर मालक पोट धरून मावशींकडे धावत आला. "मावशी, किल्ली द्या हो लवकर!" मावशींनी डबा बंद करून पिशवीत टाकला, वर किल्लीही टाकली. "ही नोकरी गेली खड्ड्यात," म्हणत त्यांनी सुनेचा हात धरला. दारात मात्र त्या थांबल्या आणि सगळ्यांदेखत सावकाश घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मालक, आत्ताच तर जाऊन आलात ना?"